तारीख उलटलेला कलर रोल: आधी उन्हाळे मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातल्या एका दुकानात कोडॅक गोल्ड २०० या कलर फिल्मचे दहा रोल अर्ध्या किमतीत मिळाले. तारीख मार्चमध्ये उलटली आहे, आता नोव्हेंबर चालू आहे. डिसेंबरात बहिणीचा साखरपुडा. हे रोल चालतील का, कॅमेऱ्यावर आयएसओ (फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे ते सांगणारा आकडा) २०० ऐवजी १०० लावायचं का, आणि लॅबवाल्याला रोल पुश करायला, म्हणजे धुताना रसायनात जास्त वेळ ठेवायला, सांगायचं का?

घाईत असाल तर एवढंच वाचा: रोल बहुतेक चांगले निघतील, १०० लावा, पुश अजिबात करू नका आणि साखरपुड्याचे मुख्य फोटो या रोलवर काढू नका. सगळी गोम त्या 'बहुतेक' मध्ये आहे, म्हणून पुढे सविस्तर लिहितो. मी वीसेक वर्षं कलर लॅब चालवली. आता लॅब नाही, पण घरच्या मोरीत अजून रोल धुतो, स्वतःचे आणि मित्रमंडळींचे. तारीख उलटलेले रोल हातातून भरपूर गेलेत, आणि त्यातले काही मीच वाया घालवलेत.

तुम्ही तारखेबद्दल विचारलंत. मी मात्र तारखेच्या आधी एक गोष्ट विचारतो: रोलने फ्रीजबाहेर किती उन्हाळे काढलेत? रोल म्हणजे दुधाची पिशवी नव्हे, की काल चांगली होती आणि आज फाटली. तो वर्षाच्या तिखटासारखा आहे. मार्च-एप्रिलमध्ये मिरच्या कुटून आणल्या, एक बरणी अंधाऱ्या फडताळात ठेवली आणि एक गॅसच्या ओट्याशेजारी. दिवाळीला दोन्ही उघडून बघा. ओट्याशेजारच्या तिखटाचा लाल रंग विटकरी झालेला असतो. दोन्ही एकाच दिवशी कुटलेली, तरी हा फरक. कंपनी खोक्यावर तारीख छापते तेव्हा रोल बऱ्यापैकी थंड, कोरड्या जागी राहील असं धरून छापते. कोडॅकची जुनी शिफारस २१ अंशांच्या खाली ठेवण्याची आहे. पुण्यात एप्रिल-मे महिन्यात दुपारी पारा चाळिशीला टेकतो, आणि वरच्या मजल्यावर पत्र्याखाली माळा असेल तर विचारूच नका.

याचा धडा मी स्वतःच्या खर्चाने घेतला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मे महिन्यात बारामतीकडे एका लग्नाची ऑर्डर होती. एका पाकिटातले पाच रोल घेतले, त्यातले तीन गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात टाकले आणि दोन खांद्यावरच्या पिशवीत. तारीख संपायला अजून दीड वर्ष होतं, त्यामुळे मनात शंकाही आली नाही. गाडी सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत कार्यालयाबाहेर उन्हात उभी होती. संध्याकाळी खणातले रोल काढले तेव्हा डबी हाताला चटका लागेल इतकी तापलेली. रोल धुतल्यावर पिशवीतले दोन स्वच्छ निघाले. खणातल्या तिघांत सनईवाल्याचा काळा कोट शेवाळी दिसत होता. कोट सरळ करायला प्रिंटरवर फिल्टर फिरवला की नवरीचा चेहरा जांभळा पडायचा. चौथ्या-पाचव्या प्रिंटनंतर हात टेकले. अर्धे पैसे सोडले आणि वर बोलणीही खाल्ली.

कोट आणि चेहरा एकाच वेळी सरळ का होईनात, हे समजलं की तुमच्या निम्म्या शंका मिटतील. कलर निगेटिव्हमध्ये मुख्य थर तीन. वरचा निळ्या प्रकाशाला संवेदनशील, मधला हिरव्याला आणि खालचा लाल प्रकाशाला. प्रत्येक थरात चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात आणि रंग तयार करणारं रसायन असतं. उष्णता, दमट हवा आणि काळ यांच्यामुळे दोन गोष्टी घडतात. काही कण उजेड न लागताच डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या रसायनात) काळे पडायला तयार होतात, त्याला आपण फॉग म्हणतो. आणि थरांची ताकद उतरते, पण तिन्ही थरांची एकसारखी उतरत नाही. म्हणून सावलीत एक रंग चढतो आणि उजेडात दुसराच. सगळ्या फोटोवर एकच छटा असती तर एका फिल्टरने ती काढता आली असती. इथे एक बाजू ओढली की दुसरी सुटते. आज कॉम्प्युटरवर सावल्या आणि उजेड वेगवेगळे दुरुस्त करता येतात, त्यामुळे आमच्या काळापेक्षा तुमचे हाल कमी. तरी एकेका फोटोवर अर्धा तास बसावं लागतं.

आता तुमच्या रोलकडे येऊ. मार्चमध्ये तारीख संपली, म्हणजे एक एप्रिल-मे तारखेनंतर गेला. त्याआधी दुकानात किती गेले हे दुकानदारालाच माहीत. फिल्मची तारीख साधारण बनवल्यापासून दोन-तीन वर्षांनंतरची असते, म्हणजे वाईटात वाईट धरलं तरी तीन-चार उन्हाळे. एसी दुकानाच्या आतल्या कपाटात असतील तर फरक तुम्हाला शोधूनही सापडणार नाही. गोल्डसारखा रोल मुळात दुकानाच्या फळीवर काही महिने राहणार हे धरूनच बनवलेला असतो. पोर्ट्रासारख्या व्यावसायिक रोलची अपेक्षा मात्र आधीपासून फ्रीजची. पण तेच गोल्डचे रोल पश्चिमेकडे तोंड असलेल्या काचेच्या शोकेसमध्ये वर्षभर मांडून ठेवलेले असतील, तर तारीख पुढच्या वर्षीची असती तरी मी घेतले नसते. तेव्हा दुकानदाराला सरळ विचारा, कुठे ठेवले होते? खोक्याकडेही नीट बघा. पिवळा रंग एका बाजूने फिका पडला असेल, तर ते ऊन खाल्ल्याचं लक्षण. आणि किमतीचं स्टिकर कुठे चिकटवलंय तेही बघा. मला एकदा शहरातल्याच एका दुकानात वीस रोल मिळाले, सगळ्यांवर स्टिकर बरोबर तारखेवर. नखाने खरवडलं तर सहा वर्षं उलटलेली. विचारल्यावर गृहस्थ म्हणाले, "काही होत नाही हो." होतं.

कॅमेऱ्यावर १०० का लावायचं, तर आठ महिन्यांत रोलची गती, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, एक स्टॉप (म्हणजे निम्म्यावर) उतरली म्हणून नव्हे. तेवढी ती उतरत नाही. 'दहा वर्षांमागे एक स्टॉप' असा जो हिशेब लोक सांगतात, तो वीस-वीस वर्षं पडून राहिलेल्या रोलसाठीचा ढोबळ अंदाज आहे, आणि तोही रोल कसा ठेवला होता यावर वर-खाली होतो. तुमच्या बाबतीत कारण वेगळं आहे. फॉग बसतो तो निगेटिव्हच्या पातळ भागात, म्हणजे फोटोतल्या सावल्यांत. १०० लावलं की कॅमेरा एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड देतो, आणि असा थोडा जास्त उजेड दिला की सावलीतला तपशील त्या फॉगच्या वर उचलला जातो आणि दाणे कमी दिसतात. कलर निगेटिव्ह दोन स्टॉप जास्त उजेड मुकाट्याने सोसतो, कमी उजेडाला मात्र लगेच कुरकुरतो. म्हणजे एक स्टॉप जास्त देऊन नुकसान जवळपास शून्य, आणि सावल्यांना आधार मिळतो. पण याने बिघडलेला रंग सुधारत नाही. वाकलेला थर वाकलेलाच राहतो.

कॅमेरा हाताने आयएसओ लावायचा असेल तर चकती १०० वर फिरवा, झालं. छोटा ऑटोमॅटिक कॅमेरा असेल तर तो रोलच्या डबीवरचे चंदेरी-काळे चौकोन वाचून स्वतःच २०० लावतो. ही डीएक्सची पद्धत १९८३ मध्ये आली, त्यानंतरच्या बहुतेक ऑटो कॅमेऱ्यांत ती आहे. त्या चौकोनांवर सेलोटेप लावली की बरेच कॅमेरे आपोआप १०० धरतात, आणि आपल्याला हवंय ते नेमकं तेच. पण सगळेच कॅमेरे तसं करत नाहीत, माहितीपुस्तिका पाहून घ्या. नाहीच जमलं तर २०० वरच काढा, फक्त उजेड भरपूर असू द्या.

पुश करू नका असं मी इतक्या ठामपणे का म्हणतोय? सी-४१ मध्ये, म्हणजे कलर निगेटिव्ह धुण्याच्या ठरलेल्या पद्धतीत, रोल डेव्हलपरमध्ये ३७.८ अंशांवर ३ मिनिटं १५ सेकंद असतो. पुश म्हणजे हीच वेळ वाढवायची. वेळ वाढली की चित्राबरोबर फॉगही वाढतो, कारण डेव्हलपरला दोघांतला फरक कळत नाही. रोल जुना आहे म्हणून लॅबवाला आपणहून 'थोडा जास्त वेळ ठेवतो' म्हणाला, तर हात जोडून नको म्हणा. जास्त काय द्यायचं ते कॅमेऱ्यातच द्यायचं.

आता चाचणी. दहाच्या दहा खोक्यांवर तारखेशेजारी इमल्शन नंबर छापलेला असतो, तो जुळवून बघा. सगळ्यांवर एकच असेल तर एका रोलवरून उरलेल्या नऊंचा अंदाज येतो. दोन-तीन वेगळे नंबर निघाले तर प्रत्येकातला एक रोल तपासावा लागेल, कारण दुकानदाराने कुठून-कुठून गोळा केलेत ते आपल्याला कळत नाही.

माझी पद्धत अगदी घरगुती आहे. मुलांची दगडी पाटी घेतो आणि तिच्यावर खडूने मोठ्या अक्षरात ४०० लिहितो. पाटी गॅलरीत सिमेंटच्या भिंतीला टेकवून ठेवायची, शेजारी पांढरा पंचा आणि एक माणूस. सकाळी नऊ-दहाचं ऊन. कॅमेरा ४०० वर ठेवून एक फोटो. मग पाटी पुसून २००, तसा फोटो. मग १००, मग ५०. पाटी काळी, खडू पांढरा, भिंत राखाडी, आणि माणसाची कातडी. रंग कुठे सरकला हे सांगायला याहून वेगळा चार्ट लागत नाही, शिवाय कुठल्या फोटोला काय लावलं होतं हे फोटोतच लिहिलेलं. हेच चार फोटो पुन्हा घरात खिडकीच्या उजेडात काढा, कारण जुना रोल उन्हात चांगला वागतो आणि घरात रंग दाखवतो. हे झाले आठ. छत्तीसच्या रोलचे उरलेले अठ्ठावीस घेऊन मंडईत जा. भाज्यांचे ढीग, दगडी इमारतीत वरून येणारा उजेड, आणि चुकलं तर पुढच्या रविवारी मंडई तिथेच असते.

रोल धुवायला टाकताना निगेटिव्ह परत हवीत असं आधीच सांगा. आजकाल लॅब स्कॅन पाठवून देतात आणि लोक निगेटिव्ह आणायलाच जात नाहीत. पण स्कॅनवरून रोलची तब्येत कळत नाही. लॅबचं यंत्र प्रत्येक फोटोचे रंग आपल्या मनाने सावरतं. एखाद्या फोटोत ते जमतं, एखाद्यात चेहरा पिवळा होतो, आणि तुम्ही खापर रोलवर फोडता. सरसकट सगळ्या स्कॅनना सारखीच दुरुस्ती ठेवा असं सांगून बघा, काही लॅब ऐकतात.

निगेटिव्ह हातात आली की खिडकीसमोर पांढऱ्या कागदाच्या पुढे धरा. चित्राकडे बघूच नका, आधी कडेची पट्टी बघा. भोकांच्या आसपासची, जिथे कॅमेऱ्याचा उजेड पोहोचलेला नसतो ती. ताज्या गोल्डची हीच जागा स्वच्छ नारिंगी असते, गाळलेल्या कोऱ्या चहासारखी पारदर्शक. घरात आधीचं एखादं चांगलं निगेटिव्ह असेल तर दोन्ही शेजारी-शेजारी धरा. तुमची पट्टी दाट, मळकट, चहा जास्त उकळल्यासारखी दिसली तर फॉग चढलाय. आणि कडेला छापलेले फ्रेमचे आकडे बघा. ते कारखान्यात उजेडानेच छापलेले असतात, त्यामुळे आकडे ठळक पण पट्टी मळकट असेल तर डेव्हलपिंग ठीक झालंय आणि दोष रोलच्या वयाचा आहे. आकडेच फिके असतील तर आधी लॅबच्या रसायनाबद्दल शंका घ्यावी. लॅब चालवताना सकाळी दुकान उघडलं की आम्ही एक तपासणीची पट्टी मशीनमधून काढायचो, ती याचसाठी.

आता साखरपुडा. चाचणी चोख निघाली तरी माझं मत बदलणार नाही. अंगठी घालतानाचा क्षण, दोन्हीकडच्या आजी-आजोबांचा एकत्र फोटो, ओटी भरताना आईचा चेहरा, हे पुन्हा काढता येत नाही. त्यासाठी दोन ताजे रोल घ्या किंवा सरळ डिजिटल कॅमेरा ठेवा. जुने रोल सकाळच्या तयारीला वापरा, अंगणातल्या रांगोळीला, बाहेर उन्हात गप्पा मारणाऱ्या मंडळींना. संध्याकाळी कार्यालयातल्या पिवळ्या दिव्यांत मात्र काढू नका. हा रोल दिवसाच्या उजेडासाठी बनवलेला आहे. बल्बखाली ताजाही पिवळा पडतो, कारण निळ्या थराला तिथे पुरेसा उजेडच मिळत नाही. त्यात तो थर थकलेला असेल तर काय होईल ते सांगायला नको. हिशेबाचाही एक मुद्दा आहे. रोल अर्ध्या किमतीत मिळाला म्हणून धुण्याचे आणि स्कॅनचे पैसे अर्धे होत नाहीत. वाचले ते फक्त रोलचे.

उरलेल्या रोलची सोय आजच करा. फ्रीजने झालेलं नुकसान भरून निघत नाही, पण पुढचं लांबतं. रोल आपल्या प्लॅस्टिकच्या डबीतच ठेवा, डब्या एका घट्ट झाकणाच्या डब्यात, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या. आमच्या घरी हा डबा अंड्यांच्या खाली असतो, आणि त्यावर काय लिहावं यावरून वाद अजून मिटलेला नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली तर घाबरू नका, बंद फ्रीज तीन-चार तासांत रोलचं काही बिघडवत नाही. खरी काळजी पावसाळ्यात घ्यायची. जुलै-ऑगस्टमध्ये फ्रीजमधून काढलेली डबी लगेच उघडली की थंड फिल्मवर दव धरतं आणि ते डाग कायमचे. वापरण्याआधी दोन तास डबी बंदच बाहेर ठेवा, फ्रीझरमधली असेल तर आदल्या रात्री काढा. लॉ कॉलेज रोडवरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून सिनेमाची रिळं सांभाळतंय, तिथेही लढाई याच दोन गोष्टींशी असते, तापमान आणि दमट हवा. त्यांच्याकडे त्यासाठी खास खोल्या आहेत, आपल्याकडे अंड्यांचा कप्पा.

एक गोष्ट लोक विसरतात. खोक्यावरची तारीख फोटो काढायची नसते, रोल धुण्याची असते. उजेड लागलेली पण न धुतलेली फिल्म कोऱ्या फिल्मपेक्षा लवकर खराब होते, कारण आत जे पुसट चित्र उमटलेलं असतं ते विरत जातं. गणपतीत रोल भरायचा, दिवाळीत थोडा वापरायचा, संक्रांतीपर्यंत कॅमेऱ्यात ठेवायचा, हे जुन्या रोलबाबत करू नका. संपला की आठवड्याभरात लॅबमध्ये.

हे सगळं २०० च्या कलर निगेटिव्हबद्दल झालं. ८०० चा रोल असता तर मी जास्त सावध राहायला सांगितलं असतं. जलद फिल्मवर वातावरणातल्या नैसर्गिक किरणोत्साराचाही परिणाम होतो आणि तो फ्रीजमध्येही थांबत नाही. स्लाइड फिल्मला (जिच्यावर निगेटिव्हऐवजी थेट सरळ चित्र उमटतं) एक स्टॉप जास्त देऊ नका, तिला तेवढी मुभाच नसते, उजेडाचे भाग अगदी पांढरे पडतात. सिनेमाच्या रिळातून कापून डबीत भरलेले रोल पुण्यात विद्यार्थ्यांकडून हातोहात फिरतात. त्यांच्या पाठीवर बहुधा काळा कार्बनचा थर असतो. तसला रोल न सांगता साध्या लॅबमध्ये दिलात तर त्यांचं रसायन खराब होईल आणि तुम्हाला पुन्हा दारात उभं करणार नाहीत. आणि आजोबांच्या ट्रंकेत कोडाक्रोम, म्हणजे कोडॅकचा जुना स्लाइड रोल, सापडला तर तो शोभेला ठेवा. त्याचं उत्पादन २००९ मध्ये थांबलं आणि तो धुणाऱ्या शेवटच्या लॅबने २०१० च्या अखेरीस तो घेणं थांबवलं.

या रविवारी पाटीचे आठ फोटो काढा, रोल संपवून सोमवारी धुवायला टाका. निगेटिव्ह आली की कडेची पट्टी खिडकीसमोर धरून मोबाइलवर तिचा फोटो घ्या, शेजारी तुमचं एखादं जुनं चांगलं निगेटिव्ह ठेवून, आणि मला दाखवा. उरलेल्या नऊ रोलबद्दल मग नेमकं सांगता येईल.